काटकसर करताना कोणत्या सोयी ठेवायच्या, कोणत्या सोडायच्या? या चुका टाळा

काटकसर करायची ठरली की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड धुणं-भांड्याच्या ताईंवर पडते. त्याच घरात रात्री साडेनऊला आइस्क्रीमचा एक डबा घरपोच येतो, दोन ओटीटींचे पैसे गुपचूप कटत असतात आणि माळ्यावर फूड प्रोसेसर खोक्यासकट धूळ खात असतो. ताईंचे पैसे दर महिन्याला हातातून जाताना दिसतात, बाकीचे दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

एखादी सोय विकत घ्यावी की नाही, यासाठी आधी दोनच गोष्टी विचाराव्यात. ते काम किती वेळा करावं लागतं? आणि घरातल्या कोणाच्या अंगावर पडतं? किंमत त्यानंतर.

किंमत बघायची, वापर बघायचा नाही

घरगुती चक्कीचं उदाहरण घ्या. चार माणसांच्या घरात महिन्याला वीस किलो पीठ लागतं असं धरू. गिरणीत किलोला सहा रुपये दळणावळ धरली तर महिन्याचे १२० आणि वर्षाचे १,४४० रुपये होतात. चक्की पंधरा हजारांना पडली तर ती वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, वीज आणि दुरुस्ती वेगळीच. नाशिकच्या सिडकोत किंवा पंचवटीत जिथे कोपऱ्यावर गिरणी आहे, तिथे चक्की ही हौस आहे. हौसेला माझी ना नाही, पण तिला बचत म्हणू नका. आता तेच घर पाथर्डी फाट्याच्या पुढच्या नव्या वसाहतीत आहे, आसपास गिरणी नाही, आणि डबा उचलून नेणारा माणूस सत्तरीचा आहे असं समजा. गणित लगेच बदलतं.

वॉशिंग मशिनचं याच्या उलट. किंमत मोठी म्हणून वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं, पण कपडे रोज निघतात. चार जणांच्या घरात पाच-सहा वर्षं टिकलेलं साधं सेमी-ऑटोमॅटिकसुद्धा दिवसाला काही रुपयांत पडतं. जी वस्तू रोज चालते ती महाग वाटली तरी स्वस्त पडते.

घरातल्या हातांना फुकट धरायचं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी.

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते, यात वाद नाही. मेथी उतरली असेल तर चार जुड्या पिशवीत येतात. घरी आल्यावर त्या ओट्यावर पडतात. बुडख्याला चिखल असतो, मध्येच गवताच्या काड्या, पिवळी पानं. एक जुडी नीट निवडायची, पानं खुडून कोवळे देठ ठेवायचे, तीन पाण्यांतून धुवायची, म्हणजे वीस मिनिटं तरी जातात. चार जुड्यांना सव्वा तास. तो सव्वा तास बहुधा अशा बाईच्या वाट्याला येतो जी अंबड एमआयडीसीतून सात वाजता घरी पोचलेली असते. वाचलेल्या वीस-तीस रुपयांचं कौतुक मात्र पिशवी आणणाऱ्याचं होतं.

मग निवडलेल्या मेथीचं पाकीट घ्यायचं का? माझ्या मते बहुतेक वेळा नाही. खुडलेली पालेभाजी लवकर कोमेजते, आणि पाकिटातली अर्धी दुसऱ्या दिवशी टाकावी लागते. इथे पैसे देण्याआधी काम वाटून बघा. जुड्या जो आणेल तोच निवडेल, असा नियम केला तर चार जुड्यांच्या जागी आपोआप दोन येऊ लागतात. लसूण टीव्हीपुढे बसून कोणीही सोलू शकतं. आठवड्याचा एकदम सोलून डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवला की रोजची कटकट जाते.

धुणं-भांड्याचं तसं नाही. ते रोज दोन वेळा येतं, पाण्यात उभं राहून करावं लागतं, आणि वाटून घेऊ म्हटलं तरी आठवडाभरात पुन्हा एकाच माणसाकडे जातं. ताईंवरचा खर्च कापण्याआधी दुसरं काहीही कापा. आणि त्यांच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करून तेवढेच पैसे डिलिव्हरीत उडवणं तर शोभतच नाही.

दहा मिनिटांत घरपोच

घरपोच मागवण्यात चूक नाही. पैसे जातात ते डिलिव्हरीच्या शुल्कात कमी आणि टोपली भरण्यात जास्त. हवी असते कोथिंबीर. छोट्या ऑर्डरला जादा आकार लागतो, हाताळणीचा वेगळा, म्हणून माणूस ‘मोफत डिलिव्हरी’ची मर्यादा गाठायला चिप्स, बिस्किटं आणि घरात आधीच असलेला साबण टाकतो. पंधरा रुपयांच्या कोथिंबिरीचं बिल दोनशेवर जातं आणि वर तीस रुपये वाचवल्याचा आनंद होतो!

उपाय साधा आहे. फ्रिजवर कागद लावा, संपलेली वस्तू त्यावर लिहा आणि आठवड्यातून एकदाच मागवा. गल्लीतला किराणावाला बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेऊन माल पोचता करतो, वेगळे पैसे न घेता. मात्र घरात आजारी माणूस आहे, बाहेर जाता येत नाही आणि औषध हवंय, तेव्हा पन्नास रुपये जादा गेले तर जाऊ द्यात. त्या प्रसंगी हिशोब काढत बसणं हाच वेडेपणा.

घाऊक म्हणजे स्वस्त, असं धरून चालायचं

नाशिककराला कांद्याबद्दल सांगायची गरज नसावी, तरी दरवर्षी कोणाच्या तरी गॅलरीत गोणी सडतेच. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही. तो स्वस्त दिसला म्हणून गोणीभर घेतला की दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतात, खालचे मऊ पडतात आणि वास सुटतो. साठवायचा असतो तो मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा. तो नीट वाळलेला, पातीची मान बारीक झालेला बघून घ्या. गोणीत कोंबून न ठेवता टोपलीत किंवा जाळीत पसरा, हवा लागू द्या आणि बटाट्यापासून लांब ठेवा. तसा ठेवला तर पावसाळा बऱ्यापैकी निघतो.

वर्षाचा गहू भरण्याचंही तेच. मोठं घर, कोठी, ऊन दाखवायला गच्ची आणि कष्ट करणारे हात असतील तर भरा. इंदिरानगरच्या वन बीएचकेत दोन क्विंटल गहू म्हणजे पलंगाखाली पोरकिड्यांची वसाहत. तिथे महिन्याचा महिन्याला विकत घेणं हीच सोय, आणि त्यासाठी किलोमागे दोन-चार रुपये जास्त गेले तरी परवडतं.

शेजाऱ्याने घेतलं म्हणून आरओ

पाण्याच्या मशिनवर विचार न करता पंधरा-वीस हजार घातले जातात, आणि मग दरवर्षी देखभालीचा करार. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. छोटा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे नळाला महापालिकेचं, मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं. अशा धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमीच असतात, तिथे आरओ चांगलं पाणी गटारात सोडतो आणि उपयोगी क्षारही काढून टाकतो. जंतूंसाठी यूव्ही किंवा उकळणं पुरतं. बोअरचं पाणी येत असेल आणि आकडा ५०० च्या वर गेला असेल, तर आरओचा खर्च योग्यच. पण टीडीएस मीटर फक्त क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी तसंच पिऊ नका.

‘वर्षाचा घेतला तर स्वस्त’

जिम, ओटीटी, डिलिव्हरीचं सदस्यत्व, सगळीकडे हाच गळ असतो. फास्टॅगच्या वार्षिक पासावर गणित चांगलं समजतं. १५ ऑगस्ट २०२५ ला हा पास सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती. तो खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. ३,००० भागिले २०० म्हणजे टोलला पंधरा रुपये, असं म्हणून लोक खूश होतात. पण २०० फेऱ्या करतंय कोण? जुन्या महामार्गाने मुंबईला जाताना घोटी आणि पडघा असे दोन नाके लागतात, जाऊन-येऊन चार. महिन्यातून एकदा मुंबई होत असेल तर वर्षाला ४८, तेवढ्यातही पास वसूल होतो. दिवाळीत आणि एखाद्या लग्नाला, असं वर्षातून दोनदाच जाणं असेल तर आठच, म्हणजे पासाची गरज नाही. आणि इगतपुरीहून पुढे समृद्धीने जाण्याची सवय लागली असेल तर हा पास तिथे चालत नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता आहे. घेण्याआधी फास्टॅगचं मागच्या वर्षीचं स्टेटमेंट काढून बेरीज करा. अंदाजाने आपण स्वतःला फार फिरवतो.

विजेचं थोडक्यात

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीच्या जवळपास जातो. त्यामुळे जास्त तास चालणारी वस्तू आधी बदला. साधा पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी तिशीच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटं वाचतात. झोपायच्या खोलीतला पंखा बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. निफाडकडून गार वारं सुटलं की गीझर बंद करून कुडकुडत अंघोळ करण्यात मात्र शहाणपण नाही. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट लागतं. पैसे जातात ते तो सकाळभर चालू राहिल्यामुळे, अंघोळीमुळे नव्हे.

आधीच अडकला असाल तर

पैसे दर महिन्याला आपोआप कटत असतील तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. तिथूनच मंजुरी रद्द करता येते. कार्डावरून कटणाऱ्या अशा रकमांची सूचना किमान २४ तास आधी द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. वर्षाचे पैसे भरून झाले असतील तर ते गेले म्हणायचं, पण पुढच्या वर्षीचं नूतनीकरण आजच बंद करून ठेवा.

माळ्यावरच्या यंत्रासाठी स्वतःला एका सणाची मुदत द्या. दिवाळीच्या फराळालाही ते खाली उतरलं नाही, तर विकून टाका. ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या वस्तूची किंमत दरवर्षी उतरतच जाते.

नवरा-बायकोचं यावरून वाजत असेल तर प्रत्येकाने एक सोय अशी निवडावी, जिच्याबद्दल दुसऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. एकाला सकाळचा तयार डबा हवा असेल, दुसऱ्याला रात्री नाशिकरोड स्टेशनवरून रिक्षा. चालतं. बाकी सगळं बोलून ठरवा.

खरी अडचण येते ती आईच्या बाबतीत. ‘मला काय झालंय, मी करते की,’ म्हणून ती ताईही नको म्हणते आणि मशिनही. तिथे पैशांचं गणित मांडू नका, ती तुमच्यापेक्षा पक्की असते. ‘महिनाभर ठेवून बघू, नाही पटलं तर बंद,’ एवढंच म्हणा. पगार मात्र तुमच्या हाताने द्या. तिच्या हातून गेला तर दर एक तारखेला तो विषय पुन्हा निघेल.