नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलात? नियमपुस्तिका अशी वाचा

पहिल्या दिवशी नियमांची पुस्तिका हातात पडते, मागच्या पानावर तुमची आणि पालकांची सही होते आणि ती हॉस्टेलच्या पेटीत तळाला जाते. वर येते ती पहिला मेमो, म्हणजे लेखी ताकीद, मिळाल्यावर. दरवर्षी हेच. मी मिरजेत २१ वर्षं वॉर्डात काढली, आता सांगलीत मुलामुलींना घेऊन पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात शिकायच्या ड्यूटीला, जाते. कॉलेजागणिक पुस्तिका थोडी वेगळी असते, पण त्यातले मूळ नियम इंडियन नर्सिंग कौन्सिलचे आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे. ते प्राचार्यांच्याही हातात नसतात, मग माझ्यासारखीच्या कुठले असणार! तेव्हा रडून-भेकून वाकणारे नियम कुठले आणि न वाकणारे कुठले, हे आधी ओळखून घ्या.

हजेरी

ही वाकत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला परीक्षेला बसायचं तर थिअरीत ८० टक्के आणि प्रॅक्टिकलमध्येही ८० टक्के हजेरी लागते. एकीकडची कमाई दुसरीकडे वळती करता येत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. मेख पुढे आहे. पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटीची, हजेरी १०० टक्के भरावी लागते. म्हणजे ८० टक्क्यांवर पेपर दिलात तरी उरलेले २० टक्के उधारीवर. समजा एका वॉर्डाचे १६० तास आहेत. त्यातले ३२ बुडवूनही परीक्षेला बसाल, पण सहा तासांच्या पाच ड्यूट्या आणि वर दोन तास नंतर फेडायचे, तेही बहुधा सुट्टीत, मैत्रिणी गावी गेल्यावर. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचा हिशोब ठेवा: तारीख, वॉर्ड, तास. ऑफिसचं रजिस्टर बघायची वेळ परीक्षेच्या फॉर्मला येते आणि तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

रजा मात्र वाकते, आधी विचारलंत तर. जतच्या यल्लम्माची जत्रा मार्गशीर्षात येणार हे जतच्या मुलीला वर्षभर आधी माहीत असतं. मग अर्ज आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर कशाला? पंधरा दिवस आधी अर्ज दिला तर ड्यूटी बदलून देता येते, मी कितीदा दिली आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा वाळव्याकडच्या मुली आठवडाभर अडकल्या. ज्यांनी कुणाच्या तरी फोनवरून ‘मॅडम, रस्ता बंद आहे’ एवढं कळवलं त्यांचा प्रश्नच आला नाही. एकीने दहा दिवस काहीच कळवलं नाही. पूर तिच्याही गावाला होता, पण आम्ही इकडे तिच्या जिवाला काही झालं की काय म्हणून गावच्या पोलीस पाटलापर्यंत फोन लावले. तिला बोलणी बसली ती गैरहजेरीबद्दल नव्हे.

अंगावर काय हवं, काय नको

इस्त्रीचा युनिफॉर्म, ओळखपत्र, केस जाळीत. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत. अंगठीखाली साबण पोचत नाही, म्हणून ती काढायची. साबण-पाण्याने हात ४० ते ६० सेकंद धुवायचे असतात. तुम्ही धुता ते दहा सेकंद, मी मोजलेत. हळदीच्या हंगामात घरच्या कामाने नखं पिवळी होऊन आलेल्या मुली मला दरवर्षी भेटतात, घाबरून हात मागे लपवतात. अगं, तो हळदीचा रंग आहे, धुऊन जाईल. नख वाढलेलं असेल तर मात्र परत पाठवीन.

सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. साधं, स्वस्तातलं चालेल. ‘मोबाईलमध्ये आहे की’ हे उत्तर चालत नाही, कारण मोबाईल वॉर्डात आणायचाच नाही.

न मोजलेली नाडी

घड्याळ कशाला, तर हे माझंच ऐका. मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला होते, मेडिकलच्या वॉर्डात संध्याकाळची ड्यूटी. टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायला माझ्याकडे वीस बेड. बारापर्यंत इमानदारीने मोजले. मग पाय दुखायला लागले, मेसची वेळ होत आली, आणि मी उरलेल्या आठ जणांच्या चार्टवर बसल्या जागी आकडे टाकले. नाडी ७८, श्वास १८. एकाला ७६, एकाला ८०, म्हणजे खरं वाटावं. इन्चार्ज सिस्टरांनी चार्ट चाळले आणि मला १४ नंबरच्या बेडजवळ घेऊन गेल्या. बेडवर गादी गुंडाळून ठेवलेली. पेशंट दुपारीच घरी गेला होता, चार्ट तेवढा अडकवलेला राहिला होता. सिस्टर म्हणाल्या, “मोज बघू परत.”

मी तिथे उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत. उरलेल्या सात जणांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला लावली, आणि त्यातल्या एका आजोबांची ११६ निघाली. मी त्यांना ७८ लिहिलं होतं. रात्रीच्या सिस्टरने ओव्हर घेताना, म्हणजे ड्यूटी ताब्यात घेताना, तोच आकडा वाचला असता आणि आजोबांकडे कुणी वळूनही बघितलं नसतं.

तेव्हा नियमपुस्तिकेत ‘नोंदी वेळेवर व अचूक कराव्यात’ असं जे कोरडं वाक्य असतं, ते असं वाचा: न केलेलं लिहायचं नाही. राहिलं असेल तर ‘राहिलं’ म्हणायचं. चुकीचं लिहिलं गेलं तर व्हाइटनर लावायचं नाही, आकडा गिरवायचा नाही. एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि वेळ. न घेतलेल्या नाडीसाठी मी मुलीला ओरडते. खोट्या नाडीसाठी मेमो देते, आणि तिथे माझ्याकडे माफी नाही.

औषध आणि सुई

विद्यार्थ्याने एकट्याने इंजेक्शन द्यायचं नाही. शेजारी इन्स्ट्रक्टर किंवा स्टाफ सिस्टर हवी. ‘सिस्टरनेच दे म्हणून सांगितलं’ असं झालं तर सरळ म्हणा, “सिस्टर, मी भरते, तुम्ही बघता का?” रागावल्या तर रागावू द्या.

हे इतकं का ताणते, ते इन्सुलिनवरून सांगते. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली ४० युनिटची येते आणि १०० युनिटचीही. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर ते अर्धा मिलिलिटर होतं, म्हणजे २० नव्हे, ५० युनिट पोटात जातात. साखर कोसळून पेशंट बेशुद्ध पडेल. उलट केलंत, ४० ची बाटली आणि नारिंगी टोपण, तर २० ऐवजी ८ च जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून, तोंडाने मोठ्यांदा वाचायचा.

सुईला टोपण परत लावायचं नाही. लाल झालेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनचा सेट आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात, सुई पांढऱ्या डब्यात. टोपण लावायला गेलं की बोटाला टोचतं, आणि टोचलं की मुली लपवतात. का, तर मॅडम रागावतील! टोचलं तर बोट दाबून रक्त काढू नका, स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि त्याच पावली सांगायला या. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू कराव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. चार दिवसांनी रडत आलात तर माझ्या हातात काही नसतं. कावीळ-ब ची लस मात्र पोस्टिंगच्या आधीच सुरू करा: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तिसरा सगळे विसरतात.

बाहेर काय बोलायचं नाही

वॉर्डात सगळं सांगा, वॉर्डाबाहेर काहीच सांगू नका. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक जण कुणाच्या तरी गावचा असतो. एका मुलीने घरी फोनवर सहज सांगितलं, की शेजारच्या काकूंची मुलगी आमच्या गायनॅकच्या वॉर्डात आहे. संध्याकाळपर्यंत गावात झालं. ती पोर कशासाठी आली होती ते मी इथेही लिहिणार नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७चा कायदाच आहे, संमतीशिवाय बोलायचं नाही. फोटो नाही, रील नाही, ‘चेहरा झाकला होता मॅडम’ हेही नाही. मागे केसपेपर दिसत असतो.

बाळंतपणाच्या वॉर्डात पैसे हातात कोंबतात. घ्यायचे नाहीत. पेढे आले तर ड्यूटी रूममध्ये सिस्टरांपुढे ठेवा, सगळे मिळून खाऊ. पुस्तिकेत पेढेसुद्धा नाही म्हटलेलं असतं. मी त्या बाबतीत जरा ढिली आहे.

पेशंटला नंबरने हाक मारू नका. मिरजेला सीमेपलीकडून, अथणी-चिकोडीकडून पुष्कळ पेशंट येतात. वॉनलेस साहेबांनी १८९४ला मिशन हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. ‘एल्लि नोवु?’, कुठे दुखतंय, एवढं कन्नड आलं तरी म्हातारी माणसं हात धरून ठेवतात.

सीनियर आणि फाईल

केअर प्लॅन, ड्रग बुक, प्रोसिजर बुक ज्या दिवशीचं त्या दिवशी लिहा आणि सही घ्या. महिनाअखेरीला चाळीस पानांवर सह्या मागायला आलात तर मी देत नाही. मागच्या बॅचच्या फाईलवरून उतरवलेलं लगेच कळतं, कारण पेशंटचं वय तेच, औषध तेच, चूकही तीच. सीनियरची फाईल लिहून द्यायला लागणं हे रॅगिंग आहे, ‘मदत’ नव्हे. महाराष्ट्रात १९९९पासून याला कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉलेजात बोलायची भीती वाटली तर १८००-१८०-५५२२ हा नंबर आहे.

उद्या पहिल्या पोस्टिंगला येताना निळं पेन, लाल पेन, छोटी वही, घड्याळ. आणि पोटभर खाऊन या. मेसचे पोहे आवडत नसले तरी खा. उपाशीपोटी पहिलं ड्रेसिंग बघितलं की डोळ्यापुढे अंधारी येते, दर बॅचला दोघी-तिघी आडव्या होतात, एखादा ब्रदरही. तसं वाटलं तर लाजू नका, भिंतीला पाठ लावून खाली बसा. ट्रॉली धरू नका, तिला चाकं असतात.