पोर्तुगीज बोलीतला 'माकड' इंग्रजीत नेऊ नका

पोर्तुगीज बोलीभाषेतला वाक्प्रचार इंग्रजीत न्यायचा असेल तर आधी बोलणारा ब्राझीलचा आहे की पोर्तुगालचा, ते पाहा. 'मस्त' म्हणायला ब्राझीलमध्ये 'लेगाउ', लिस्बनमध्ये 'फीश'. इथवर ठीक. पण पोर्तुगालमध्ये 'रापारीगा' म्हणजे साधी मुलगी, आणि ब्राझीलच्या बऱ्याच भागांत, विशेषतः ईशान्येकडे, तीच शिवी! प्रिबेरामच्या ऑनलाइन शब्दकोशात असे प्रादेशिक अर्थ वेगळे दाखवलेले असतात. तिथे नजर टाकाच.

मग शब्द बाजूला ठेवा आणि प्रसंग धरा. ब्राझीलमधला 'पागार मीकू' शब्दशः 'माकड भरणे' (पैसे भरतात तसं). मुळात हा पत्त्यांच्या खेळातला प्रकार: ज्याच्या हातात शेवटी माकडाचं पान उरतं, तो हरतो. अर्थ एवढाच, की चारचौघांत फजिती झाली. इंग्रजीत माकड शोधत बसू नका. 'आय मेड अ फूल ऑफ मायसेल्फ' पुरे. तरुण पोरगं बोलत असेल तर 'सो एम्बॅरसिंग' जास्त खरं वाटेल.

पोर्तुगालमधला माणूस 'कोंबड्या फिरवण्यात वर्षं गेली' म्हणतो तेव्हा त्याला निखाऱ्यावरच्या कोंबडीशी काही देणंघेणं नसतं, अनुभव मिरवायचा असतो. अमेरिकी वाचकाला 'नॉट माय फर्स्ट रोडिओ' चपखल बसतं. ब्रिटिश पात्राच्या तोंडी मात्र ते उपरं वाटेल. तिथे 'आय हॅव बीन डूइंग धिस फॉर इयर्स' बरं. थोडं फिकं आहे खरं, पण खोटं नाही.

शिव्यांच्या बाबतीत अर्थापेक्षा तिखटपणा जुळवा.