एकांकिकेसाठी पणजी कशी धुंडाळावी

नाट्यस्पर्धा जवळ आली की पणजीतल्या मळा वाड्यावरची पोरे येतात. "दादा, पणजीच्या इतिहासावर कायतरी बसवूया." मी सांगतो, अख्खा इतिहास नको, एक तारीख आणा.

माझ्या आवडीची तारीख ५ जुलै १९८६, शनिवार. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचा पूल! नवा उभा राहायला १९९२ उजाडले. मधल्या काळात नदीपलीकडच्या बेतीच्या फेरीबोटीवर किती जणांचे संसार लटकले असतील, विचार करा. नाटक तिथेच आहे.

आधी पणजीतल्या पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ सालची संस्था आहे ती. 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'च्या त्या आठवड्याच्या फायली मागा. पहिल्या पानावरची बातमी सगळेच वाचतात, तुम्ही आतली पाने बघा. सिनेमाच्या वेळा, श्रद्धांजलीचे फोटो, नोकरीच्या छोट्या जाहिराती. पात्राच्या खिशात काय असेल ते तिथे सापडते. पुढचे आठ-दहा अंकही चाळा, कारण पहिल्या दिवशीच्या कितीतरी गोष्टी नंतर बदललेल्या असतात. अंकाची तारीख आणि पान तिथल्या तिथे टिपा. "नंतर लिहीन" म्हणणाऱ्याला ते पुन्हा सापडत नाही.

मग बेतीच्या फेरीत बसा, पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. धक्क्याला लागताना लोखंडी फळी काँक्रीटवर घासते, तो आवाज नीट ऐकून ठेवा. कुठल्याही पार्श्वसंगीतापेक्षा तो उपयोगी पडेल.

माणसांना विचारताना "तेव्हा कसे वाटले?" नको. उत्तर ठरलेले: "खूप वायट दिसलें." त्यापेक्षा विचारा, त्या रात्री घरी कसे पोचलात? घरच्यांना निरोप कोणी दिला? जेवायला काय होते? आजी कोंकणीत बोलली तर कोंकणीतच उतरवून घ्या, मराठी करण्याची घाई नको. संवाद आयता मिळतो.

त्याहून जुने हवे असेल, समजा १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली तो काळ, तर पुराभिलेख खाते गाठा. पोर्तुगीज येणारे कोणीतरी सोबत घ्या. आणि रस्त्याच्या पाटीवर विसंबू नका. अठरा जून रस्ता पणजीत आहे, पण ज्यावरून हे नाव पडले ती राममनोहर लोहियांची १८ जून १९४६ची सभा झाली मडगावात. यावर पणजीकरही फसतात.

पात्रे हवी तशी रचा. फक्त ज्या घरातले माणूस खरेच गेले असेल, त्यांचे नाव, वाडा आणि धंदा बदला. तारीख, वार, फेरीचा धक्का यांना मात्र हात लावू नका. प्रेक्षकांत बेतीचा एक तरी म्हातारा असतोच, आणि तो मध्यंतराची वाट बघत नाही.