उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताय? या चुका टाळा

उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड फसलं की शिव्या उबुंटूला बसतात. खरं पाहिलं तर उबुंटूची स्वतःची पॅकेजं बहुतेक वेळा मुकाट्याने बदलतात. अडतं ते आपणच मध्यंतरी बाहेरून आणून बसवलेलं सामान: पीपीए (इतरांनी चालवलेली पॅकेजांची भांडारं), ग्राफिक्स ड्रायव्हर, वेगळं पायथन, नोम या डेस्कटॉपची एक्स्टेन्शन्स. त्यामुळे तक्रार शोधताना पहिला प्रश्न ‘उबुंटूने काय मोडलं’ हा नसावा, ‘मी काय घातलं होतं’ हा असावा. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

सूचना येत नाही म्हणून जबरदस्ती करणे

२४.०४ बाहेर पडलं २५ एप्रिल २०२४ ला. पण एका एलटीएसवरून (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर जाण्याची सूचना पहिला पॉइंट रिलीज (दुरुस्त्या एकत्र केलेली आवृत्ती) येईपर्यंत दिलीच जात नाही. तो २४.०४.१ सुद्धा १५ ऑगस्टला ठरला होता. अपग्रेडमध्येच गंभीर दोष सापडले आणि तो २९ ऑगस्टला आला. तोवर ‘डू-रिलीज-अपग्रेड’ या अपग्रेडच्या कमांडला ‘-डी’ जोडून पुढे गेलेल्यांनी हे दोष स्वतःच्या मशीनवर अनुभवले. पुढच्या एलटीएसच्या वेळीही हाच मोह होणार, तेव्हा थांबा. आणि अजून २०.०४ वर असाल तर २४.०४ वर थेट उडी नाही, आधी २२.०४ ची पायरी चढावी लागते.

बूट विभाजन हाताने साफ करणे

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर ‘/बूट’ हे वेगळं आणि लहानसं विभाजन असतं. त्यात जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) साचतात आणि ‘पुरेशी जागा नाही’ म्हणत अपग्रेडर सुरुवातीलाच हात वर करतो. मग लोक त्या फोल्डरात शिरून कर्नलच्या फायली थेट उडवतात. फाइल जाते, पण डीपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदीत ते कर्नल तसंच राहतं, आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणारी फाइल) बनवताना नवा एरर येतो. चालू कर्नलच उडवलं असेल तर रीबूटनंतर काय होतं ते सांगायला नको. आधी ‘युनेम -आर’ने चालू कर्नल कोणतं ते बघा, मग ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवा (एपीटी म्हणजे पॅकेजं आणणारं-काढणारं अवजार). बहुतेकदा एवढ्याने जागा होते.

बॅकअपबद्दल एकच गोष्ट, कारण ती हमखास निसटते. टाइमशिफ्ट हे बॅकअपचं अवजार मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डरचा बॅकअप घेत नाही. ते सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे. फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर स्वतः उतरवून घ्या. एक लाइव्ह यूएसबीही (जिच्यावरून थेट उबुंटू चालू होतं अशी) हाताशी असू द्या.

मध्येच आलेल्या प्रश्नांना डोळे झाकून एंटर

अपग्रेड चालू असताना मध्येच विचारलं जातं: ही कॉन्फिग फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? ती फाइल तुम्ही कधीच हात लावून बदललेली नसेल तर नवी घ्या. बदलली असेल तर ‘डी’ दाबून फरक वाचा. जुनी ठेवलीत तरी नवी वाया जात नाही, ‘डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लावून शेजारीच ठेवली जाते. नंतर निवांत ताडून बघता येते.

डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हे काम काढूच नका. वीज गेलीच, तर परत आल्यावर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’, याच क्रमाने. ‘लॉक मिळत नाही’ असा एरर आला तर लॉकची फाइल डिलीट करायची नाही. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतात, ते संपू द्या. काय कुठे अडलं याचा वृत्तान्त ‘/व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड’मध्ये असतो. रीइन्स्टॉल करायला निघण्याआधी तो वाचणारे मोजकेच.

सगळे पीपीए एकदम चालू करणे

बाहेरची भांडारं अपग्रेडर स्वतःच बंद करून ठेवतो. ती एका झटक्यात चालू केली की एखाद्याची ‘नोबल’साठी (हे २४.०४ चं सांकेतिक नाव) आवृत्तीच नसते आणि सगळी अपडेट अडखळतात. एकेक चालू करा, मध्ये ‘एपीटी अपडेट’ करा, नको असलेली काढूनच टाका. १०२४ बिटांच्या आरएसए सहीबद्दल काही दिसलं तर ती ताकीद आहे, बिघाड नव्हे. बहुतेकदा तो पीपीए काढून पुन्हा जोडला की नवी सही मिळते.

सिस्टिमचं पायथन बदलणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. २२.०४ चं पायथन ३.१०, २४.०४ चं ३.१२. उबुंटूची अनेक अवजारं ‘पायथन३’ या नावावर विसंबून असतात. ते नाव कुणी कधी दुसऱ्या आवृत्तीकडे वळवलं असेल, तर टर्मिनलच उघडत नाही आणि एपीटी ‘एपीटी_पीकेजी’ सापडत नाही म्हणून कुरकुरतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा आणि ते नाव पुन्हा ३.१२ कडे वळवा.

पायथनची जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी ठेवलेली पॅकेजं) दुरुस्त करत बसू नका, नव्याने बनवा. पायथनची पॅकेजं बसवणारं पिप आता सिस्टिममध्ये पॅकेज टाकायला नकार देतं, तो नकार योग्यच आहे. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय काय करतो ते त्याच्या नावातच लिहिलंय. तरी लोक तो वापरतात!

निळा पडदा घाईने ओलांडणे

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड बूट होताना अडवणारी सोय) दोन्ही असेल, तर रीबूटनंतर कधी कधी निळ्या पडद्यावर एमओके (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली) नोंदवायला सांगितलं जातं. तिथे ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की किल्ली नोंदली जात नाही, ड्रायव्हर चढत नाही आणि डेस्कटॉप ढोबळ रेझोल्यूशनमध्ये उघडतो. ‘मोकयूटिल’ने ती किल्ली पुन्हा इम्पोर्ट करा आणि या वेळी ‘एन्रोल’ निवडा. ड्रायव्हर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधूनच घ्या. कंपनीच्या साइटवरची ‘रन’ फाइल चालवून टाकलेला असेल तर तो अपग्रेडच्या आधी काढा.

किरकोळ, पण डोकं खाणारं

ॲपइमेज (एकाच फायलीतलं ॲप) उघडत नसेल तर हवं असलेलं पॅकेज ‘लिबफ्यूज२टी६४’ आहे. नुसतं ‘फ्यूज’ टाकू नका; ते ‘फ्यूज३’ला हटवतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. एपीटी काय काय काढणार आहे ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबायचंच नाही.

नोम ४२ वरून ४६ वर जातं. ४५ मध्ये एक्स्टेन्शनच्या कोडची रचनाच बदलली, त्यामुळे आवृत्तीची तपासणी बंद करून जुनं एक्स्टेन्शन चालणार नाही. नवं आलंय का ते बघा, नाहीतर सोडून द्या. आवाज गेला तर आधी सेटिंग्जमध्ये आउटपुट कोणतं निवडलंय ते बघा. आता आवाजासाठी पाइपवायर आहे, वर जुनं पल्सऑडिओ पुन्हा चढवून गोंधळ वाढवू नका.

मराठी टंकलेखन बंद पडलं असेल तर ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज आहे ना ते तपासा, लॉगआउट करून परत या आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनपुट पुन्हा जोडा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर प्रश्न फॉन्टच्या निवडीचा आहे. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ टाका आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी तोच निवडा.