सांगलीच्या सिव्हिलमध्ये रुग्णाला दाखवताना

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले आणि १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजेच सिव्हिल, याच महाविद्यालयाशी संलग्न आहे. बाह्यरुग्ण विभागात दाखवायचे असल्यास सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, कारण नुसते ‘पांढरी गोळी’ म्हटल्याने डॉक्टरांना काहीच उमगत नाही. येथे आधी शिकाऊ किंवा निवासी डॉक्टर सविस्तर विचारपूस करतात, मग वरिष्ठ तपासतात. तेच प्रश्न पुन्हा आले तरी न कंटाळता उत्तरे द्यावीत, कारण आधी सांगायची राहिलेली महत्त्वाची गोष्ट अनेकदा तेव्हाच आठवते. शस्त्रक्रिया ठरल्यास रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य या शासनाच्या मोफत उपचार योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातील मदतनिसाला) लगेच भेटावे.