पियानोच्या हॅमरला लॅकर लावायच्या आधीची तयारी

हॅमर म्हणजे पियानोत तारांवर आपटणारी फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) हातोडी, आणि लॅकर ते फेल्ट कडक करून आवाज खुलवतं. पहिली गोष्ट, लॅकरची बाटली सगळ्यात शेवटी उघडायची. फेल्टमध्ये गेलेलं लॅकर धडपणे परत निघत नाही, म्हणून खरं काम त्याच्या आधीच असतं. ट्यूनिंग झालेलं हवं, रेग्युलेशन (पट्ट्या-हॅमरच्या हालचालीची जुळवणी) झालेलं हवं, मगच ऐकायला बसा. एकच पट्टी हळू वाजवा, मग जोरात. आवाज नुसता मोठा होतोय पण खुलत नाहीये, गादीवर बुक्की मारल्यासारखा येतोय, तर फेल्ट मऊ आहे आणि लॅकरचा विचार करता येईल. पण जोरात वाजवल्यावर कर्कश होत असेल, हॅमरवर तारांचे खोल चरे दिसत असतील, तर लॅकर नकोच, तिथे घासणं आणि सुई (फेल्टला टोचून ते सैल करणं). घरोघरच्या जुन्या पियानोंचं दुखणं बहुतेक हेच असतं.

हॅमर कुठले आहेत तेही बघून घ्या. न्यूयॉर्कच्या स्टाइनवेचे हॅमर मुळात मऊ असतात आणि लॅकर देऊनच त्यांना आवाजात आणतात, हॅम्बुर्गवाले मात्र आधीच घट्ट दाबलेले, ते सुईने सैल करत आणायचे. दोन्हीकडे एकच औषध चालत नाही.

ग्रँड (आडव्या) पियानोची ॲक्शन, म्हणजे पट्ट्या-हॅमरची सगळी यंत्रणा, बाहेर ओढताना एकाही पट्टीला बोट लागता कामा नये, हॅमर वर उचलला गेला की पिनब्लॉकला (ट्यूनिंगच्या खुंट्या बसवलेल्या लाकडाला) अडकून त्याची दांडी काड्कन मोडते. बाहेर काढल्यावर पॉलिश पेपरची अरुंद पट्टी घेऊन हॅमरच्या खांद्याकडून (बाजूकडून) टोकाकडे (तारेला लागणाऱ्या भागाकडे) घासत जायचं, चरे जाईपर्यंतच, आणि टोक सपाट करायचं नाही. मग ॲक्शन आत ठेवून हॅमर अलगद तारांना टेकवून धरा आणि त्या पट्टीच्या तिन्ही तारा नखाने छेडा, जी मोकळी वाजली तिला हॅमर टेकतच नाहीये. हे जुळवल्यावर बऱ्याच पट्ट्या आपोआप सुधारतात, लॅकरची गरजच उरत नाही (आणि हीच पायरी सगळे गाळतात, काय बोलणार).

आता सामान. साधं क्लिअर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि त्याचाच थिनर, हे पेंटच्या दुकानात मिळतं, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश देतो म्हणाला तर नको म्हणा. सुरुवातीला एक भाग लॅकर, चार भाग थिनर, पाण्यासारखं पातळ. काचेचा ड्रॉपर, कारण सिरिंजचं रबर थिनरने फुगतं. नायट्राइल ग्लोव्ह्ज, केमिकलच्या वाफेचा मास्क (कापडी नाही), उघड्या खिडक्या, आणि आसपास गॅस, अगरबत्ती काही नको. पट्ट्यांवर जाड कापड टाका, प्लास्टिकच्या पट्टीवर थिनरचा एक थेंब पडला की डाग कायमचा.

मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, शिवाय फेल्टने ओल धरलेली असते त्यामुळे आवाज आधीच दबका लागतो आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त ओतून बसता.

मग एक मधला हॅमर निवडायचा, दोन्ही खांद्यांवर दोन-तीन थेंब, टोक कोरडं ठेवायचं, आणि २४ तास हात लावायचा नाही, ओलं असताना ऐकून काहीच कळत नाही. सुकल्यावर शेजारच्या पट्टीशी ताडून बघा, कमी वाटलं तर परत तेवढंच, जास्त झालं तर खांद्यात सुई. मिश्रण ठरलं की वरच्या सप्तकांकडे जा, बासला बहुतेक वेळा फार लागत नाही. थिनरची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, बाहेर उघड्यावर पसरून वाळवा.