जुना वाडा दुरुस्त करताय? या चुका टाळा

मे महिना सरत आला की जुन्या नाशकातल्या वाड्यांवर महापालिकेच्या नोटिसा लागतात. मग घरमालकाची धावपळ सुरू होते. ओळखीचा कंत्राटदार येतो, दोन ट्रॅक्टर वाळू पडते आणि पावसाआधी सगळं ‘एकदाचं पक्कं’ करून टाकायचं ठरतं. पेशवाईपासून उभा असलेला वाडा या पक्क्या कामानंतर चार-पाच पावसाळ्यांत खचलेला मी पाहिला आहे. म्हणून हे जरा कळकळीने लिहितोय.

सिमेंटचा गिलावा

सगळ्यांत मोठी चूक हीच. आपल्या वाड्यांचं जोतं काळ्या दगडाचं. त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटा-मातीची भरणी आणि वरून चुना. अशी भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. तिला सिमेंट फासलं की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी मग आणखी वर चढतं, सोबत क्षार नेतं आणि विटेला लोणा लागतो, म्हणजे क्षारांनी ती भुसभुशीत होते.

गोदाघाटाजवळच्या एका वाड्यातल्या काकू सांगत होत्या, “अहो, दर दिवाळीला रंग देते, तरी पोपडे पडतातच.” ओल दिसते म्हणून कुणीतरी त्यांच्या माजघराला तीन फुटांपर्यंत सिमेंट मारून दिलं होतं. दोन पावसाळ्यांत ओल पाच फुटांवर पोचली होती. आम्ही छिन्नीने हातभर सिमेंट काढलं. ते फरशीच्या तुकड्यासारखं अखंड निघून आलं आणि मागची वीट बोटाने उकरली तर ओल्या पिठासारखी हातात आली. पण दुखणं भिंतीत नव्हतंच. चौकात नवीन टाइल्स बसवताना न्हाणीच्या पाण्याची जुनी मोरी बुजली होती आणि सगळं पाणी जोत्याखाली मुरत होतं. मोरी मोकळी केली, सिमेंट पूर्ण काढलं, एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवली आणि नंतरच चुना लावला.

तेव्हा ओल दिसली की आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, शेजारच्या नव्या इमारतीचं भिंतीवर सोडलेलं पाणी, गळका नळ. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतून धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून धरले तर खोलीतली हवा दमट आहे, खिडक्या उघडा.

जमीन उंच करणं

प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, तो लाकडाला ओलीपासून लांब ठेवण्यासाठी. आपण जुन्या फरशीवर कोबा आणि त्यावर टाइल्स घालतो, आणि तळखडा गाडला जातो. खांबाचा बुंधा काँक्रीटमध्ये रुततो, तिथे ओल धरते, वाळवी येते. वरून खांब चकचकीत, खाली पोकळ. टोकदार पेचकस घेऊन खांबाचा बुंधा आणि तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. म्हणून अख्खा खांब बदलायची गरज नसते. टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि त्या जागी जुनंच, मुरलेलं सागवान सांध्यात बसवायचं. हे काम जाणणारे सुतार कमी झालेत, पण शोधले तर नाशकात अजून मिळतात.

लाकडाला ऑइलपेंट नको. आतली ओल आतच राहते. जवसाचं तेल पुरतं.

वरून स्लॅब

माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत, गळतं म्हणून ते काढून स्लॅब टाकणं मला सगळ्यांत जिवावरचं वाटतं. दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे जवळजवळ ३ टन. ते ओझं पेलायचं त्याच टेकलेल्या लाकडी सांगाड्याने! माळवदावर दर वर्षी नवी माती चढवत राहणंही तसंच वाईट. जुनी माती उतरवा, मगच नवी घाला.

भिंतीला तडा दिसला की लगेच बुजवू नका. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दोन गोळ्यांवर काचेची पट्टी तड्यावर आडवी बसवा, बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. काच तुटली तर भिंत अजून हलतेय. मग लाकडी बांधकाम कळणाऱ्या अभियंत्याला बोलवा. आणि खरोखरच धोका असेल तर आधी माणसं बाहेर काढा, टेकू द्या. महापालिकेची नोटीसही नीट वाचा. दुरुस्ती करा, रिकामं करा आणि पाडा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. पांडवलेण्यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीलाही. आधी विचारून घ्या.

पुरानंतरची घाई

गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण पूर मोजतो. पाणी ओसरलं की लोक आठवड्यात रंग द्यायला घेतात. दोन फूट जाडीची भिंत वाळायला महिनेच्या महिने लागतात. गाळ काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंतीला लागून कपाट ठेवू नका आणि थांबा.

चुन्याचं काम भर उन्हाळ्यात काढू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. वैशाखाच्या उन्हात तो आधीच सुकून भुगा होतो. कळीचा चुना (भाजलेले चुन्याचे खडे) आणून किमान काही आठवडे पाण्याखाली मुरवा, डोळे सांभाळा, गिलावा पातळ थरांत द्या आणि ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा. आमच्याकडे हे काम दिवाळीनंतर निघतं आणि शिमग्याच्या आत संपतं. मे महिन्यात फक्त कौलं शाकारायची, पन्हळी साफ करायच्या आणि चौकातल्या मोरीत दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे निघतं ते पाहायचं.